सहा डबे आणि नरसय्याअण्णा

त्या रविवारी सकाळी अकराला फोन वाजला तेव्हा माझी थाप तयार होती. गळाला दोन शिंगाळे मासे, एक मरळ, वारा सकाळपासून पडलेला, आणि एक डबा पार पलीकडच्या बाभळीत जाऊन अडकलेला… एवढं ऐकलं की भिवंडीत बसलेल्या नरसय्याअण्णांचा आठवडा निघायचा. मी बायकोला पेज भरवत होतो. वाटी खाली ठेवली, तिचं तोंड पुसलं आणि फोन कानाला लावून एकदम सुरूच झालो, "अण्णा, आज काय मजा झाली म्हणता…" पलीकडे त्यांचा मुलगा श्रीनिवास होता. "काका, मी श्रीनू. नायना गेले. पहाटे." त्यांच्या तेलुगू घरात बापाला नायना म्हणतात. मी म्हणालो, "बरं." मग पेज गार होते म्हणून परत भरवायला बसलो.

मी मातीला गेलो नाही. लोक नंतर विचारत राहिले, एवढा दोस्ताना होता आणि गेला नाहीत? अहो, जाणार कसा? माझ्या बायकोला, सुमनला, अर्धांगाचा झटका येऊन सहा वर्षं झाली. डावं अंग गेलं, जीभ अर्धी गेली. शुक्रवार पेठेत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी परदेशात. सकाळी साडेसहाला एक मावशी येते ती साडेदहाला जाते. हे चार तास माझे. बाकीचे वीस तास मी घरात, आणि घर माझ्यात. कर्तव्य, सेवा वगैरे शब्द लोक आणून देतात, दारातच ठेवून जातात. मला विचाराल तर मी अडकलो आहे. तिच्यावर जीव आहे म्हणून अडकलो आहे, हे खरं. पण अडकलो आहे हेही तेवढंच खरं.

नरसय्याअण्णा तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायचे. चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. माग बंद झाला, बायको आधीच गेलेली, पोरगा भिवंडीला. छातीत सूत बसलेलं. दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला थांबायचे. मी रेल्वेत तिकीट खिडकीवर होतो, त्यामुळे मी त्यांचा 'बुकिंगसायब'. एकदा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नुसता बसलो होतो. मावशी वर होती, मला चार तास होते आणि कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. ते बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "काय करायलाव सायब हितं? सगळ्या गावाला गाडीत बसवला, आन सोता पायरीवर बसलाव व्हय?" मला राग आला. मी म्हणालो, चार तासांत कुठं जाता येतं? "तळ्यावर येतंय की जाता," ते म्हणाले.

मी हसलो. मासे धरायला गळ टाकून तासन्‌तास बसावं लागतं, तेवढं बसायचं तर घरी काय वाईट! पण अण्णांनी कुणाकडून तरी वेगळीच तऱ्हा पाहून ठेवली होती. काठी नाही, बसणं नाही. तेलाचे पाच लिटरचे रिकामे डबे घ्यायचे, बूच गच्च लावायचं. मुठीला तंगूस, म्हणजे मासेमारीचा तो नायलॉनचा दोरा, बांधायचा. खाली वजनाला एखादा नट आणि शेवटी गळ. गळाला कोंबडीच्या दुकानातून आणलेली आतडी. डबा पाण्यावर सोडून द्यायचा आणि आपण काठावर चहा पीत हिंडायचं. मासा लागला की आडवा तरंगणारा डबा टचकन उभा राहतो, डुबकी मारतो, पळायला लागतो. डब्यांची काय कमी! आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. भरून ठेवलेले डबे घरोघर असतात. सुमन चालती होती तेव्हा तिने साठवलेले सहा माळ्यावर पडून होते. ते मी काढून दिले. तिला विचारलं नाही, ते आज सांगतो.

होटगीच्या वाटेवरच्या तलावावर अण्णांच्या मोपेडवरून आम्ही गेलो. तिथल्या भोई मंडळींपैकी सिद्राम नावाच्या माणसाने "सा डबे चालतील, सातवा न्हाय" अशी परवानगी दिली आणि त्याच्या काहिलीतून, म्हणजे कढईसारख्या गोल होडीतून, डबे आत नेऊन सोडायचंही कबूल केलं. अण्णांनी तिथेच गाठी मारल्या. काय हात चालत होता त्यांचा! मागावरचा तुटलेला धागा विणकर चालत्या मागावर जोडतो, एका चिमटीत, न बघता. तीच गाठ. सहा डबे डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार. तासाभरात पहिला डबा उभा राहिला, मग चौथा, मग दोन एकदम. अण्णा काठावर नाचायचेच बाकी होते. सिद्रामने डबे आणून दिले तेव्हा सहाच्या सहा रिकामे. मासा नाही, गळ नाही, नट नाही. नुसता दोरा, टोकाला थोडा कुरळा झालेला.

सिद्रामने दोरा बघितला आणि हसून हसून खालीच बसला. "अवो ही सुताची गाठ हाय. सुताला धरती, तंगुसाला न्हाय धरत. ह्यो गुळगुळीत असतोय." अण्णांचा चेहरा बघवेना. चाळीस वर्षांत त्यांची गाठ सुटली म्हणून एक टॉवेल परत आलेला नव्हता. घरापाशी मोपेड लावताना म्हणाले, "हात फितूर झाला सायब."

दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तंगुसाचं रीळ घेऊन वर आमच्या घरी. सिद्रामकडून नवी गाठ शिकून आले होते, दोऱ्याला पाच वेढे द्यायचे, थुंकी लावायची, मग आवळायचं. सुमनच्या पलंगाच्या दांडीवर सराव सुरू झाला. मला दोन प्रयत्नांत जमली. अण्णांना जमेना! मन नवी गाठ मारायला जायचं आणि बोटं मध्येच पळून जुनी मारून मोकळी व्हायची. "थांब की गं बाई!" असं ते स्वतःच्याच बोटांना ओरडले आणि पलंगावरून एक आवाज आला. सुमन हसत होती. झटक्यानंतर पहिल्यांदा. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती. मला रडू फुटलं, आणि अण्णा म्हणाले, "वैनी, तुमी हसा, मी चुकतोच दिवसभर. मला काय काम हाय?"

मग तसंच ठरून गेलं. गाठी मी मारायच्या आणि पाणी अण्णांनी वाचायचं. कुठं किती खोल, वारा कुठून आहे, डबे कुठून सोडले म्हणजे साडेनऊपर्यंत आपोआप आपल्या काठाला येतील. आमिष तळापासून वीतभर वर हवं, हे त्यांनी मला शिकवलं. कधी एक मासा, कधी काहीच नाही. आठवड्यातून दोन-तीन सकाळी. पावणेदोन वर्षं असं चाललं. साडेदहाला मी घरात असायचो, पण उरलेले वीस तास जरा उघडे व्हायचे. खिडकीशी उभं राहून झाडं हलतात का ते बघायचं आणि उद्याचे डबे मनातल्या मनात सोडायचे. सुमन खुणेने विचारायची, किती? मी बोटं दाखवायचो.

आता जे लिहायला बसलो आहे ते लिहितो. गेल्या वर्षी सुमनला ताप आला आणि मी आठ दिवस खाली उतरलो नाही. अण्णा रोज विचारून जायचे. नवव्या दिवशी मला न सांगता एकटेच तळ्यावर गेले. गाठी अर्थातच स्वतः मारल्या. मोठा मासा लागला, डबा काठाजवळच उभा राहिला, आणि अण्णांना कळलं की बोटांनी आपली जुनी गाठ मारली आहे, ती आता सुटणार. सिद्राम लांब होता. म्हणून सत्तरीचा, छातीत दम नसलेला हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात शिरला. तिथे खोकल्याची उबळ आली. सिद्रामने ओढून बाहेर काढला.

त्याच आठवड्यात श्रीनूचा मला फोन आला. "काका, नायना बरे आहेत ना? काही लपवत नाहीत ना?" मी सगळं सांगितलं. पाणी, खोकला, सिद्राम, सगळं. काळजीपोटी सांगितलं असं मी पुढं वर्षभर स्वतःला पटवत राहिलो. काळजी होती, नाही असं नाही. पण सांगताना माझा आवाज चढला होता, आणि तो रागाने चढला होता. मी इथे कपाळावर पट्ट्या बदलत बसलो होतो आणि हा माणूस माझ्याशिवाय गेला. जाऊ शकला! मला त्यांचा हेवा वाटला. झालं. पंधरा दिवसांत श्रीनू येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना अण्णांनी डबे माझ्या दारात आणून ठेवले आणि म्हणाले, "सायब, ह्याला कुणी सांगितला काय की." मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

भिवंडीचं घर आठव्या मजल्यावर. मुलगा-सून दोघं कामावर. अण्णा एकदा खाली उतरून रस्ता चुकले, तेव्हापासून जाताना बाहेरून कडी. "तुमचं दुक मला आत्ता कळाला सायब," ते फोनवर म्हणाले, "पन तुमच्या दाराला कडी आतून तरी हाय." मग विचारलं, "जातावं न्हवं तळ्यावर?" मी एकटा एकदाही गेलो नव्हतो. पाणी मला कुठं वाचता येतं! पण तोंडातून निघालं, "जातो की. कालच गेलो होतो." त्यानंतर दर रविवारी मी मासे धरत गेलो. मावशीला विचारून माशांची नावं बदलायचो. त्यांना खरं कळलं होतं की नाही, देव जाणे.

परवा श्रीनू खाली खोली रिकामी करायला आला होता. वर आला, सुमनच्या पाया पडला म्हणण्यापेक्षा पलंगाच्या कडेला डोकंच टेकलं त्याने. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "श्रीनू, मी सांगायला नको होतं तुला." त्याने पलंगाची चादर सारखी केली. मग म्हणाला, "तुम्ही नसतं सांगितलं तरी मी नेलंच असतं काका. रोज इथली काळजी करायचा मला कंटाळा आला होता." त्याने माझं ओझं उतरवलं नाही, आपलं फक्त शेजारी आणून ठेवलं.

उठता उठता म्हणाला, "एक विचारायचं होतं. आमच्या मोरीत पाण्याचा ड्रम आहे. नायनांनी त्यात शाम्पूची रिकामी बाटली दोरा बांधून सोडली होती. गळ नाही, काही नाही. आम्ही कामावरून यायचो तर स्टूल टाकून ड्रमपाशी बसलेले. ती बाटली अजून तिथेच आहे. बायको ड्रम भरताना बाजूला काढते आणि भरून झाला की परत सोडते. काढून टाकू का?"

मी म्हणालो, "राहू दे." मग उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बंद मोरीत वारा कुठला रे, बाटली हलणार कशी?"

"वारा नव्हताच ना," श्रीनू म्हणाला. "नायना फुंकर घालायचे. दम लागायचा, थांबायचे, परत फुंकायचे. ह्या काठाकडून त्या काठाकडे."