जपानी पुढच्या सीझनला येतील

किस्से काम नसलं की जास्त साठतात. कामाच्या दिवसांत लक्षात ठेवायला वेळ कोणाला असतो हो? भोपाळच्या बिट्टन मार्केटमधल्या आमच्या ऑफिसात दोन-अडीच वर्षं काम असं नव्हतंच, त्यामुळे किस्सेच किस्से! सांगते तेव्हा लोक हसतात, मीही हसते. घरी जाताना जीव जड होतो, ते वेगळं.

आमची छोटी ट्रॅव्हल कंपनी. परदेशी ग्रुप आणायचे, सांची-भीमबेटका फिरवायचं आणि परत स्टेशनवर सोडायचं. महामारीत सीमा बंद झाल्या आणि ग्रुप बंद. आमचे मालक दुबेजी कितीतरी दिवस पंख्याकडे बघत बसले. मग एका सकाळी उठून म्हणाले, "टूरिस्ट ला नहीं सकते, पर ये तो बता सकते हैं कि कब आएंगे!"

झालं! ऑफिसचा 'फोरकास्ट सेल' झाला. आम्ही अंदाज काढायचा आणि हॉटेलवाल्यांनी तो विकत घ्यायचा. तिकिटं काढणारी मी बसल्या जागी ॲनालिस्ट झाले.

आकडेमोडीला गोखल्यांना आणलं. मूळचे पुण्याचे, इथल्या एका मोठ्या कारखान्याच्या प्लॅनिंगमधून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "जगातल्या सगळ्या सीमा एकदम बंद होऊन पुन्हा उघडल्या, असं आधी कधी झालंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग अंदाज काढायचा तरी कशावरून?"

दुबेजी शांतपणे म्हणाले, "गोखले साहब, मालूम होता तो आपको क्यों बुलाते?"

*

आमचा अंदाज हॉटेलवाल्यांपेक्षा जास्त कोणाला हवा होता, तर वानखेड्यांना. वानखेडे म्हणजे आमचे जपानी भाषेचे गाइड. नागपूरचा माणूस. लहानपणी तिथल्या एका विहारात जपानी भंतेजींकडे भाषा शिकले आणि आयुष्यभर सांचीला जपानी लोकांना स्तूप दाखवत आले. दुसरं काही कधी केलंच नाही.

बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ते वर यायचे. बायकोच्या भावाचं नागपुरात टाइल्सचं मोठं दुकान. तो म्हणत होता, इकडे या, काउंटर सांभाळा. वहिनी तयार होत्या. अडून बसले होते ते वानखेडेच.

"ताई, सांगा जी, जपानी कधी येतात? येणार नसतील तर मी आपला टाइल्स विकतो. येणार असतील तर कशाला जाऊ?"

गोखल्यांना सरळ उत्तर द्यायची सवयच नाही. ते म्हणाले, "पुढच्या सीझनला येण्याची शक्यता साधारण सत्तर टक्के धरा."

वानखेड्यांनी मान हलवली, पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "साहेब, मग मी नागपूरला तीस टक्केच जाऊ काय?"

*

दर तिमाहीला हॉटेलवाल्यांची मीटिंग. गोखले पडद्यावर ग्राफ लावायचे. रेघ खाली पडलेली, मग पुढच्या ऑक्टोबरपासून डोंगरासारखी चढणारी. ऑक्टोबर यायचा, माणूस काही यायचा नाही. मग तीच रेघ एक सीझन उजवीकडे सरकवायची! नवीन काही करायला आकडे होते कुठे?

एकदा एक म्हातारे हॉटेलमालक काठी टेकत उठले आणि पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. "भैया, ये पहाड़ हर बार थोड़ा आगे क्यों खिसक जाता है?"

दुबेजी लगबगीने किटलीकडे वळले. "दादा, चाय लेंगे?"

*

एक महिना मात्र कमाल झाली. भोपाळमधल्या परदेशी पाहुण्यांचा आकडा शून्यावरून वर आला! पुढच्या महिन्यात तेवढाच, त्याच्या पुढेही तेवढाच. गोखले कधी नव्हे ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "तळ गाठलाय. आता इथून वरच!" दुबेजींनी पोहे-जलेबी मागवली. आमच्याकडे आनंद झाला तरी पोहे-जलेबी, नाही झाला तरी पोहे-जलेबी.

वानखेड्यांनी त्या दिवशी मेहुण्याला कळवून टाकलं, आत्ता नाही येत.

मग मी हॉटेलला फोन करून विचारलं, पाहुणे कुठले, काय बघतात, गाइड लागेल का? पलीकडचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाहुणे कसले! जर्मनीच्या एक आजी आहेत. विमानं बंद झाली तेव्हापासून देशातच अडकल्यात, आधी ओळखीच्यांकडे होत्या, आता आमच्याकडे."

आम्ही हॉटेलांकडून मुक्कामाच्या रात्रींचा आकडा घ्यायचो, माणसांचा नाही. आमची अख्खी रिकव्हरी म्हणजे एक म्हातारी! बिचारी रोज रडत होती म्हणे, मला घरी जाऊ द्या. आणि इकडे आम्ही जलेबी खात होतो.

पुढे तिला विमान मिळालं. रेघ पुन्हा शून्यावर आली, तेव्हा गोखले हळूच म्हणाले, "गेली वाटतं."

*

दुसऱ्या लाटेचं काय सांगू? त्यात हसण्यासारखं काही नाही. आमचे ग्रुप उतरायचे ती हॉटेलं क्वारंटाइनला दिली होती. दुबेजींनी सवयीने फोन करून विचारलं, किती भरलंय? मग फोन ठेवून म्हणाले, "फुल है." इतकी वर्षं ज्या शब्दासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसायचो, तो शब्द ऐकून कोणाला वर बघवेना.

आमचे फ्रेंचचे गाइड त्यातच गेले. वानखेडेही आजारी पडले, आणि इथल्याच अयोध्या नगरच्या घरी खोकत खोकत वाचले. बरे झाल्यावर पहिला फोन मला. मला वाटलं, तब्येतीचं सांगतील.

"ताई, अंदाज काय म्हणते?"

मी रडायलाच लागले. ते घाबरून गेले. "बाप्पा, इतका वाईट हाय काय?"

*

आणि मग एकदाचं आपल्या सरकारने परदेशी पर्यटकांना दार उघडलं. व्हिसा सुरू! विमानं सुरू! दुबेजींनी ऑफिसला रंग दिला. वानखेड्यांनी गाइडचं कार्ड रिन्यू करून घेतलं आणि पांढरा शर्ट शिवला. मेहुण्याने चौथ्यांदा विचारलं, त्याला पुन्हा नाही.

जपानी आलेच नाहीत.

गोखल्यांनी शोध लावला तेव्हा कळलं. आमच्या गणितात फक्त आपलं दार होतं. त्यांच्याकडचे परत येण्याचे नियम अजून कडक, त्यामुळे त्यांचे लोक घराबाहेरच पडत नव्हते. दार दोन्हीकडून उघडावं लागतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

गोखले खूप खजील झाले. "वानखेडे, माझं चुकलं. तुम्ही माझ्यावर विसंबून राहू नका."

वानखेडे म्हणाले, "मग कोणावर राहू जी? माझ्यापाशी तुम्ही एकच हाव."

वहिनी मात्र आता बोलेनाशा झाल्या होत्या. एक दिवस मला बाजारात भेटल्या. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, याले कोणीतरी एकदा साफ सांगा की नाही येत ते. म्हणजे माणूस मोकळा होईल." मेहुण्याने दुकानात दुसरा माणूस ठेवायचं ठरवलं होतं. आता हो म्हणायचं, नाहीतर विषय संपला. आणि तिकडचे नियम सैल झाले, त्याच आठवड्यात टोकियोहून मेल आला. ग्रुप कन्फर्म! दहा-अकरा माणसं, सगळी सत्तरीच्या पुढची.

वानखेड्यांनी नागपूरला कायमचं नाही कळवून टाकलं.

*

आता एक शेवटचं सांगते.

बंदीच्या सगळ्या काळात जपानला फोन करायचं काम वानखेड्यांकडेच होतं. तिकडच्या एजन्सी विचारायच्या, पुढच्या महिन्यात येऊ का? वानखेडे माझ्याच टेबलावरून उत्तर द्यायचे. दर वेळी तेच एक वाक्य: "आम्ही मनापासून क्षमा मागतो, सध्या सगळं बंद आहे, कृपा करून पुढच्या वर्षी यावं." आणि फोनवर दिसत नाही तरी कमरेतून वाकायचे. पलीकडचं कोणी चिडायचं नाही, फोन ठेवला जायचा. त्या काळात जपानीत बोलायला त्यांच्यापाशी तेवढंच होतं. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं. मला जपानी येतं ते तेवढंच.

तर ग्रुप आला. आता स्टेशनला नवीन नाव आहे, पण आम्ही हबीबगंजच म्हणतो. तिथे वानखेडे तासभर आधीच येऊन उभे. नवा पांढरा शर्ट, हातात लाल झेंडी, कपाळावर घाम. बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, गळा जपतायत. आजारापासून आवाज लागायला वेळ लागायचा.

सांचीला उतरलो. सकाळचं ऊन, वर टेकडीवर स्तूप. म्हाताऱ्या बायका टोप्या सारख्या करत गेटपाशी गोळा झाल्या आणि सगळ्यांनी वानखेड्यांकडे बघितलं. त्यांनी झेंडी उंच केली. मी मागेच उभी होते.

ते कमरेतून वाकले आणि स्वच्छ, सुंदर जपानीत बोलले. मला अख्खं वाक्य कळलं!

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी मिळून वानखेड्यांना वाकून नमस्कार केला, आणि एकामागून एक, गुपचूप बसमध्ये जाऊन बसले.

ड्रायव्हर आत्ता कुठे बिडी पेटवत होता. तो धावत माझ्याकडे आला. "मैडम, इतनी जल्दी देख लिया?"

वानखेडे अजून वाकलेलेच होते.