सिमेंट न भरता सोडलेली तार

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा गावात विचारायचे, "दगड फोडाला शिकाला लागतं काय रे?" आज आटलेल्या बोअरमध्ये दाबाने पाणी मारायचं, खालच्या कातळाला भेगा पाडायच्या आणि अडकलेलं पाणी मोकळं करायचं, यावरच माझं घर चालतं. म्हणजे दगड फोडायलाच शिकलो. त्याची लाज नाही. लाज आहे ती वेगळ्या गोष्टीची.

पनवेलच्या ऑफिसातून एकदा आमच्याच गावचं काम निघालं. सार्वजनिक बोअर आटली होती. गोडं पाणी उरलं होतं फक्त माझ्या काकाच्या बोअरला, अख्खी आळी तिथे भरायची. काकाच्या घरामागे खाडी. भेग तिकडे पळाली तर खारं पाणी आत शिरणार, म्हणून काकाच्या बोअरजवळ एक बारीक भोक पाडून त्यात फायबरची तार सोडायची होती. इंटरनेटला असते तसलीच तार. भोक सिमेंटने भरलं की तार कातळाला धरून बसते. कातळ केसभर ताणला तरी तारही ताणली जाते, आतून परत येणारा उजेड बदलतो आणि स्क्रीनवर रेघ उठते. रेघ उठली की पंप बंद करायचा.

भोक पडलं, तार उतरली. सिमेंट कालवायला घेतलं तसा काका आडवा आला.

"शिमिट वततंस? माझा झरा बुजंल."

"काका, झरा कुठे, हे भोक कुठे."

"पान्याला वाट तू दावतंस काय? जमिनीखाली सगला एकच हाय."

बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. काकाने त्यांच्याकडे वळून सांगितलं, "आमचा पोर हाय. आमचा वाईट नाय करनार."

तिथे मी मोडलो. ऑफिसात साहेबांना फोन करून खरं सांगितलं असतं, तर काम थांबलं असतं आणि मशीन दुसऱ्या गावाला गेलं असतं. आपल्या गावाला पाणी आणलं म्हणून मिरवायची मलाही हौस होतीच. तार तशीच मोकळी राहू दिली. साहेबांना सांगितलं, "सिमेंट भरलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, सार्वजनिक बोअरला पंप लावला. दाब चढत गेला. स्क्रीनवरची रेघ सपाट. साहेब खूष होते, म्हणाले, "कातळ चांगला आहे, अजून वाढव." ती रेघ कातळाची नव्हतीच. सैल तारेला कातळाचं काय कळणार? हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी दाब वाढवला. मग दाबाचा काटा एकदम खाली आला. खाली कुठेतरी लांबवर भेग उघडली होती. सार्वजनिक बोअरला पाणी लागलं. नारळ फुटला, मला शाल घातली. मी ती घेतली.

महिन्याभरात काकीने चहा थुंकला. आधी दुधावर संशय घेतला. मग आळीतल्या सगळ्यांच्याच भाताला चव येईना. काकाची बोअर खारी झाली होती. पाठोपाठ सार्वजनिकही. तेव्हापासून आळी टँकरवर आहे. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. "नशीब आपला," म्हणाले.

यंदा गावाने डोंगराच्या अंगाला नवी बोअर मारली. पाणी कमी, म्हणून पुन्हा आम्हालाच बोलावलं. मी काकाला आधीच बजावलं, या वेळी तारेभोवती सिमेंट भरायचंच.

"कनाला?" काका म्हणाला. "मागल्या टायमाला नाय भरला, काय बिघाडला?"

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तार सैल होती ते. साहेबांशी खोटं बोललो ते. रेघ खोटी आहे हे कळत असताना दाब वाढवला तेही.

काकी आतून बाहेर आली, ऐकून पुन्हा आत गेली.

काका म्हणाला, "मी अडानी. मी नको म्हनलो. तुला तं ठाव होता ना रे?"

"होतं."

"मंग माझा कनाला आयकलास?"