गुटगुटीत यीस्ट

लतिकाताईंचा विश्वास बसावा असं जगात फारसं काही नव्हतं. भाजीवाल्याने तराजू उचलला की त्या भाजीकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायच्या. मानेसरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांनी फ्रिजलाही कुलूप घातलं होतं. गुरुग्रामहून मी त्यांच्याच गाडीने यायचे, त्यामुळे आज कोणावर संशय आहे ते मला वाटेतच कळायचं.

त्या उन्हाळ्यात पाळी मानसची होती. दिल्लीत वाढलेला, सरळ स्वभावाचा मुलगा. ताईंच्या हाताखाली पीएचडी करत होता. यीस्टची पेशी सुगीच्या दिवसांत फॉस्फेट ओवून लांबच लांब माळा करून ठेवते. त्याच पॉलिफॉस्फेट. टंचाई आली की त्या मोडून खाते. मानस यीस्टला फॉस्फेटवाचून उपाशी ठेवून हा साठा कसा संपतो ते मोजत होता. पण साठा संपेचना. उपाशी यीस्ट चांगलं गुटगुटीत.

हा पोरगा आकडे मनाने लिहितो, असं ताईंनी ठरवून टाकलं. खोटेच लिहायचे तर हवे तसे नसते का लिहिले, असं मी म्हटलं, तर माझ्याकडेही त्यांनी तिरकं पाहिलं. भांडी नीट स्वच्छ निघत नसतील का, असं मानसने विचारलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून त्याला उडवून लावलं. प्रबंधावर सही मिळणार नाही, हेही सांगितलं. त्याची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती.

मग चोर पकडायला ताईंनी स्वतःच प्रयोग मांडला. किल्ली पर्समध्ये. तरी यीस्ट गुटगुटीतच.

आता संशय घ्यायला त्यांच्याशिवाय कोणी उरलं नाही. धुणाऱ्यावर भरवसा नाही म्हणून सगळे फ्लास्क त्या स्वतः पुन्हा धुवायच्या, घरून आणलेल्या पावडरने. पुड्यावर ‘फॉस्फेटमुक्त’ छापलं होतं, आणि जन्मात एकदा त्यांनी छापलेल्यावर विश्वास ठेवला होता. पावडरीच्या पाण्यात फॉस्फेटची चाचणी केली. पाणी निळंशार झालं, म्हणजे फॉस्फेट भरपूर.

ताईंनी सगळ्यांसमोर मानसची माफी मागितली आणि सही केली. मला बरं वाटलं. मानसने कागद उचलून सही निरखली, तारीख पाहिली आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढला.

“अरे, फोटो कशाला?” ताईंनी विचारलं.

“असू दे मॅम,” तो अगदी नम्रपणे म्हणाला. “उद्या तुम्ही नाही म्हणालात तर?”