उजवा मागचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय.

मी नालबंद. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर चिंचेखाली माझं बस्तान होतं. फाळणीनंतर शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी माणसं आली, टांगे वाढले, आणि माझ्या हातोडीला उसंत राहिली नाही. घोड्याला महिन्याभराने माझ्याकडे आणावंच लागे. नाल काढायचा, वाढलेला खूर तासायचा, तळ खरवडून साफ करायचा, मग नाल पुन्हा ठोकायचा. झिजला असेल तर नवा. हे चुकवलं की आत घाण साचते आणि खूर कुजतो.

आणि मला घोड्याची भीती वाटायची.

हसलात? हसा. नालबंदाला घोड्याची भीती म्हणजे कोळ्याला पाण्याची. पण अंबरनाथच्या एका तट्टाने उजव्या मागच्या पायाने माझ्या छातीवर लाथ घातली होती, आणि तेव्हापासून — कसं सांगू? बाकीचे तीन पाय मी मांडीवर घ्यायचो. तो एक पाय समोर आला की मी दोन पावलं मागे सरायचो. बोलणार कुणाजवळ? धंदाच बसला असता.

मूलचंदशेठचं तिकडे सिंधमध्ये कापडाचं दुकान होतं, इथे येऊन तो टांगा हाकत होता. बाकीच्या टांगेवाल्यांच्या नजरेसमोर तो पाय मला कसाबसा उरकावाच लागे; ह्याला मात्र घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच — हो, म्हणूनच मी त्याला निवडलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. त्याची तांबडी घोडी सोनी इतकी गरीब, की माझ्या अंगावर तिने कधी शेपटीही झटकली नाही. तरी मला भीती वाटायचीच. "शेठ, तुम्ही तोंडापाशी थांबा, ती तुमचंच ऐकते," असं मी म्हणायचो. तो खूश व्हायचा, तिची मान थोपटत सिंधीत काहीबाही बोलत राहायचा. मागे मी तीन पायांचं काम नीट करायचो. चौथ्याला हात न लावता नुसतीच ऐरणीवर हातोडी मारायचो — ठोकल्याचा आवाज त्याला ऐकू जावा म्हणून. मग काठीला फडकं गुंडाळून लांबूनच खुरावर काळं तेल फिरवायचो, ताजं काम दिसावं म्हणून. चार महिने मी असंच केलं.

पाचव्या महिन्यात सोनी कॅम्पातल्या रस्त्यावर थांबली ती थांबलीच. उजवा मागचा पाय टेकवेना. मूलचंद मला बोलवायला धावत आला. त्या दिवशी तो नाल मी काढला — लाथ मारायचं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं. आत खडा रुतलेला, भोवती सगळं सडलेलं. खडा मी पटकन मुठीत घेतला.

"कैसे हुआ, मिस्त्री?"

खरं तोंडाशी आलं होतं का? नाही. खोटं बोलणार नाही आता — नव्हतं आलं. मला फक्त भोवती जमलेले टांगेवाले दिसत होते — माझी गिऱ्हाइकं. मी म्हणालो, खडीवरून तुम्ही तिला फार पळवलंत.

त्याने ते लगेच मानलं. "हाँ, मैंने ही दौड़ाया," म्हणत तो खाली बसला, आणि त्या सडक्या खुराला कपाळ लावून घोडीची माफी मागायला लागला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. मूठ मी उघडली नाही.

ढोरांच्या डॉक्टरने उशीर झाल्याचं सांगितलं. आठवड्यात सोनी गेली.

मूलचंदने पुन्हा घोडा घेतला नाही. हातगाडीवर कापडाचे तुकडे विकायचा, गाडी स्वतःच ओढायचा. भेटेल त्या टांगेवाल्याला सांगायचा, "मिस्त्री ने बहुत सँभाला, कसूर मेरा था." त्याच्या शब्दावर पार बदलापूर गावातून टांगे माझ्याकडे यायला लागले.

भीती गेली नव्हती. नवं जनावर आलं, की मी मालकाला म्हणायचो — तुम्ही तोंडापाशी थांबा, ते तुमचंच ऐकतं.