कॅमेऱ्याची बॅग आणि दोन विटा

"रिकामी बॅग कुणालाबी हलकीच वाटती, भाऊ," असं म्हणून मामा बॅगेत दोन विटा घालायचे आणि आपल्याला चौकापर्यंत चालवून आणायचे. परत आलं की विचारायचे, "कुठं टोचतंय?" कुठंच नाही म्हटलं, तर पुन्हा पाठवायचे. "लाजू नका. खांदा तुमचा हाय, माझा न्हाई."

मामा माझ्या नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मूळचे निघोज्याचे. शेत गेलं, मग गाड्यांची सीटं शिवणाऱ्या कंपनीत लागले आणि रिटायर झाल्यावर तळवड्यात एक गाळा घेऊन सीटकव्हर शिवत बसले. मी लग्नांचे फोटो काढतो. बॅग अडकवून अडकवून माझा डावा खांदा उतरलाय, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोटरसायकलचं सीट घेऊन गेलो, तेव्हा ते मामांना दिसलं. "सीट ऱ्हाऊ द्या. आधी तुमचं बघू," म्हणत त्यांनी गळ्यातली टेप काढली.

तुम्हाला सांगतो, त्यांनी मला शिवून दिली तशी बॅग बाजारात मिळत नाही. तळहाताएवढा रुंद पट्टा, आत सीटचा फोम, प्रत्येक लेन्सला वेगळा कप्पा. दिवसभर वागवली तरी खांदा कुरकुरायचा नाही. पण कापड सीटकव्हरचं, करड्या पट्ट्यांचं. पुनावळ्याच्या एका बड्या लग्नात नवरदेवाचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "राव, फोटोग्राफर बोलावलाय का सीटवाला?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्याच दिवशी काळी, चकचकीत बॅग ऑनलाइन मागवली. पंधरा दिवसांत खांदा पुन्हा ठणकायला लागला, पण हौसेला मोल नसतं.

पुढे चाकणच्या एका लग्नात मामा पाहुणे म्हणून भेटले. नजर थेट खांद्यावर. "आपली कुठाय?"

"चोरीला गेली, मामा." तोंडातून निघून गेलं.

मामा हळहळले. "कार्यालयातच व्हय? खुर्चीवर ठिवली आसंल. माझंच चुकलं. त्याचा इचारच केला न्हाई."

मी खरं सांगणार होतो. तेवढ्यात नवरी मांडवात आली आणि मी कॅमेरा घेऊन पळालो. त्यानंतर दोन महिने 'उद्या जाऊ' म्हणत राहिलो. गेलो तेव्हा गाळ्याला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, मामा गेले, झोपेतच.

निघोज्याला त्यांच्या घरी गेलो, तर मामींनी आतून एक बॅग आणून माझ्या पुढ्यात ठेवली. "तुमचीच हाय. रोज विटा घालून सवता चालायचे. म्हणायचे, त्याचा डावा खांदा उतरलाय, टोचाया नको."

या वेळी कापड काळं होतं. माझ्या खांद्यावरचं बघूनच घेतलं असणार. तळाशी सीटबेल्टचा हातभर पट्टा शिवला होता, त्याला बक्कल. मामी म्हणाल्या, "ह्यो खुर्चीच्या पायाला आवळायचा. आता कुणी न्यायचं न्हाई."

मला फार लाज वाटली. अजूनही वाटते. कुठल्याही कार्यालयात गेलो की आधी खाली वाकून तो पट्टा खुर्चीच्या पायाला आवळतो, मगच कॅमेरा काढतो. करड्या पट्ट्यांची बॅग घरी कपाटावर आहे. मामींनाही मी ते सांगितलेलं नाही.