चार नंबरची माशी

"डास पाहुणा, माशी भाडेकरू. लिहून घे." प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले आमचे मामा नमुन्यांच्या पेटीवरची धूळ फुंकत हे वाक्य म्हणायचे. पद परिचराचं, पण तुमच्याही कॉलेजात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे मुलं सरांच्या आधी जायची.

मी लहान गावातून पुण्यात आलेलो, पदवीपर्यंत पोचलेला घरातला पहिलाच. प्रात्यक्षिकात एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो असतो, तर वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात परत. मामांना ते ठाऊक होतं.

"डास येतो, रक्ताचा चहा घेतो आणि निघताना डेंगी विसरून जातो," ते समजावत. "त्याच्या मनात काही नसतं रे. माशीचं तसं नाही. ही चार नंबरची, पुण्याजवळच्या मांजरी गावच्या उसातली. खोडकिडीच्या अळीत पिल्लू सोडते. ते आतून घर खातं आणि घरमालकाला संपवूनच बाहेर पडतं. शेतकरी खूश."

"म्हणजे भाडेकरू चांगला?"

"ते घरमालक कोण आहे त्यावर आहे." मामा स्वतः नारायण पेठेत तीस वर्षं भाड्याने राहत होते.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी मला नेमकं चार नंबरच्या नमुन्यापुढे उभं केलं. मी पाहुणा आणि भाडेकरू शास्त्रीय भाषेत घडाघडा सांगितले. मॅडमनी भिंग लावलं.

"ही उसातली परोपजीवी माशी?"

"हो, मॅडम."

"मग हिच्या पायाला वड्याची चटणी कशी?"

मला पंक्चरचं दुकान दिसू लागलं.

तेवढ्यात मामा दारातून पुढे आले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. "अहो मॅडम, परीक्षा म्हणून आज फडक्याने पुसायला गेलो आणि खरी मोडली. ही मी कॅन्टीनमधून आणली. पोराचं उत्तर बरोबर आहे, माशी चुकीची आहे."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "माशीला शून्य," त्या म्हणाल्या आणि मला पास केलं.

पुढच्याच सोमवारी मामा मांजरीला जाऊन खरी माशी घेऊन आले.

मामा गेल्या वर्षी वारले. मी आता त्याच प्रयोगशाळेत शिकवतो. पेटीत दोन्ही माश्या आहेत. कॅन्टीनमधलीच्या खाली त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'घरमाशी. हिच्यामुळे एक मुलगा नापास होणार होता.'

मी पेटीला फडकं लावत नाही. नुसती फुंकर मारतो.