अर्ध्या कोटाची साक्ष

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथे सावली आधी येते आणि उशिरा जाते, तिथे एका शिंप्याचं दुकान आहे. दुकान कसलं, एक दार रुंद आणि दोन माणसं खोल. मशीन दारातच, कारण उजेड तेवढाच आत येतो. मागे भिंतीला दोरी, आणि दोरीवर लोकांचे अर्धवट कपडे: बाह्या नसलेले सदरे, कॉलर नसलेले झगे, एका पायाच्या पँटी. वारा सुटला की सगळे मिळून हलायचे, मालकांची वाट बघून कंटाळल्यासारखे.

या माणसाचा हात देवाने फुरसतीत घडवला. त्याने शिवलेला खांदा असा बसतो की जन्मतः घेऊन आलेला खांदा उसना वाटावा. पण जिभेवर एकच वाक्य. "उद्या या." म्हणून गल्ली त्याला उद्याशेठ म्हणते, आणि तोही ओ देतो. माझ्या कोटाचं कापड मी त्याला दिलं तेव्हा माझे केस काळे होते. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवतो.

उद्याशेठची एकुलती एक लेक लग्न होऊन समुद्रापार गेली. पहिल्या बाळंतपणाला आईबापाने यावं म्हणून तिने निमंत्रणाचं पत्र धाडलं. यांनी लांब मुक्कामाचा व्हिसा मागितला आणि तिकडून नकार आला. नातू रांगला, उभा राहिला, धावला, ते सगळं वहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोने, फोनच्या काचेत पाहिलं. काचेवरून बोट फिरवून त्या नातवाचे गाल पुसायच्या आणि फोन बंद पडायचा. तीन वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. यंदा तरी तिच्या उशाशी आपण असावं, याखेरीज वहिनींना जगाकडून काही नको होतं.

नकाराच्या पत्रात ओळ होती: मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही. उद्याशेठने तिचा अर्थ आपल्या परीने लावला.

"बघितलंस?" मला म्हणाला, "माझा शब्द खरा नसतो, हे तिथवर पोचलं. कुणीतरी चुगली केली."

"मी केली असती तर आधी कोटाचं कळवलं असतं," मी म्हणालो.

आणि मग गल्लीने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. शेठ कामाला लागला. या वेळी अर्ज करायच्या आधी पाटी कोरी करायची, असं त्याच्या मनाने घेतलं. महिनाभर मशीन थांबलं म्हणून नाही. शाळामास्तरांची पँट घरपोच आली, तेव्हा मास्तर घाबरून विचारू लागले, "याची तब्येत बरी आहे ना?" एका बाईने स्वतःच्या लग्नासाठी टाकलेला झगा आला, तो तिच्या लेकीला अगदी मापात बसला. ज्या कापडाला कात्री लागली नव्हती ते त्याने घडी घालून परत केलं. मापाची वही पलीकडच्या शिंप्याला दिली. दुकान महिनाअखेरीस सोडतो, असं घरमालकाला सांगूनही आला. दोरीवर फक्त माझा कोट उरला. एक बाही लागली होती, दुसरी लागायची होती.

अशात एका सुट्टीच्या सकाळी मी कोटाची वाट बघत बसलो असताना त्याची भाची कागदांची फाइल घेऊन दुकानात आली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. फॉर्म भरण्यात तिचा हात कुणी धरत नाही. कापड बेतायच्या टेबलावर तिने कागद मांडले: निमंत्रणपत्र, जावयाच्या पगाराचा दाखला, आरोग्य विमा, तपासणीचे रिपोर्ट, फोटो.

"मामी, फोटोत हसायचं नव्हतं. परत काढावा लागेल."

"नातवाला भेटायला चाललेय, आणि तोंड काय मयताला निघाल्यासारखं करू?"

"कर. तिकडे गेल्यावर हसून घे." भाचीने पुढचा कागद ओढला. "आता मुख्य. मामा, परत का येणार, याची कारणं लिहायची. दुकान?"

"महिनाअखेर सोडतोय."

"हातातली कामं?"

"एकही नाही!" शेठची छाती फुगली. "तेवढा हा कोट. तोही आज संपतो."

"गिऱ्हाइकं?"

"दुसऱ्याला लावून दिली. मापाच्या वहीसकट. कुणाचा खोळंबा नको."

भाचीने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "मामा, त्यांना भीती एकच असते, हा माणूस तिकडेच राहील. आणि तू इथलं सगळं उसवून बसलास. परत यायला एक टाका तरी ठेवायचास!"

मशीनवर शेठचा पाय तसाच थांबला.

"चाळीस वर्षं लोकांची कामं अडली तेव्हा लाज नाही वाटली," वहिनी म्हणाल्या, "आणि आता अडायला हवी होती, तर..." न हसायचा फोटो काढायला निघालेली बाई त्या क्षणी अगदी नियमात बसली असती.

शेठ खाली मान घालून माझी दुसरी बाही उचलायला गेला. घाबरलेल्या माणसाचा हात आपल्या कामाकडेच जातो.

"ठेवा ती खाली!" वहिनी कडाडल्या. "सुईला हात लावाल तर याद राखा!"

अशा रीतीने माझा कोट वाचला, म्हणजे राहिला.

शेठसाठी नवी कामं गोळा करायला मी गल्लीत निघालो. भाचीची अट एकच होती: खोटं एक अक्षर नको, ज्याला खरंच शिवून घ्यायचंय त्यानेच कापड द्यावं. पण उद्याशेठकडून ज्याने एकदा खांदा बसवून घेतला, त्याला दुसरीकडे कुठे करमणार? संध्याकाळपर्यंत दोरी पुन्हा भरू लागली. मास्तरांनी पुढच्या वर्षीचे शाळेचे गणवेश त्याच्याच हातचे हवेत, असं लेखी दिलं. घरमालक दुकान ठेवायला राजी झाला, म्हणाला, "तू गेलास तर मी गप्पा मारायला कुठे बसू?" मापाची वही पलीकडच्या शिंप्याने स्वतः आणून दिली. "घे बाबा, तुझी अक्षरं तुलाच लागतात."

प्रत्येक कापडाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर तारीख. दहा महिन्यांनंतरची, पण तारीख. उद्याशेठने जन्मात पहिल्यांदा 'उद्या'ऐवजी दिवस, महिना, वर्ष लिहिलं. लिहिताना त्याला घाम फुटला होता.

अर्जासोबतच्या पत्रात एक वाक्य त्याने स्वतः सांगितलं: "मी कपडे उशिरा दिले, पण आजवर कुणाचं कापड बुडवलं नाही." असं अर्जात लिहीत नाहीत, असं भाची म्हणाली. मग तिने ते दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. शेवटी चिठ्ठ्यांच्या प्रती, आणि दोरीवरल्या माझ्या एका बाहीच्या कोटाचा फोटो.

व्हिसा आला. कोटामुळे की वाक्यामुळे, तिकडच्यांना माहीत. बाळाच्या जन्माच्या आठ दिवस आधी दोघं पोचली. वहिनी लेकीच्या उशाशी बसल्याचा फोटो भाचीने मला दाखवला. त्यात त्या नियम मोडून हसत होत्या.

माझ्या चिठ्ठीवरची तारीख उजाडायच्या चार दिवस आधी दुकानाचं दार उघडलं. शेठ वजनाने वाढला होता. मी तारखेला बरोबर गेलो. कोट टेबलावर होता, दोन बाह्यांचा.

"काजं तेवढी राहिलीत," तो म्हणाला. "उद्या..."

"अहो, द्या त्यांना आजच!" आतून वहिनी म्हणाल्या. सुईत दोरा ओवत त्या बाहेर आल्या आणि काजं करायला स्वतः बसल्या. "नात बसायला लागली की आपल्याला परत जायचंय. त्या अर्जाला दुसरं काहीतरी अर्धवट ठेवा."

शेठने गळ्यातला टेप काढला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझी कंबर मोजायला लागला.

"या कोटावर ही पँट शोभायची नाही," तो म्हणाला. "कापड आण."

मी आणलं.